डेटाबेस-जोडणी, वेब अनुप्रयोगांतील

वेबवरून वापरला जाणारा अनुप्रयोग आणि माहिती कोष्टकांच्या रूपाने कायमची साठवून ठेवणारा संबंधात्मक डेटाबेस यांच्यामधील संदेशांची देवाणघेवाण ज्या मार्गाने होते, त्या मार्गास डेटाबेस-जोडणी असे म्हणतात. ग्रंथालयाचे सदस्यत्व, आगगाडीचे आरक्षण, बँकेतील खाते, महाविद्यालयीन प्रवेश इ. कामे संगणकजालावरून करताना वापरकर्त्यास ब्राउझरच्या पडद्यावरील पान तेवढे दिसते. परंतु त्या पानावरील जवळजवळ प्रत्येक आकडा अशा जोडणीतून आलेला असतो आणि वापरकर्त्याने भरलेली माहितीही तिच्यातूनच साठ्यात जाते. फ्रेमवर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तयार सांगाड्यांमुळे ही जोडणी पाच-सहा ओळींच्या नोंदीने साधता येते व त्यामुळे ती एक किरकोळ तांत्रिक बाब आहे, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः वेब ही विस्मरणशील आणि डेटाबेस ही स्मरणशील, अशा दोन भिन्न प्रकृतींच्या यंत्रणांमधील ही सीमारेषा आहे. फ्रेमवर्क ती झाकते, नाहीशी करीत नाही. आणि अनुप्रयोगावर गर्दी झाली म्हणजे होणारे अनेक बिघाड याच सीमारेषेवर उद्‌भवतात. प्रस्तुत नोंदीत पायथन भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क आणि पोस्टग्रेएसक्यूएल (संक्षेपाने पोस्टग्रेस) हा डेटाबेस यांची जोडी उदाहरणादाखल घेतली आहे. तत्त्वे इतर जोड्यांनाही बहुतांशी लागू पडतात. [⟶ संगणक].

पार्श्वभूमी : संबंधात्मक डेटाबेसची कल्पना एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) या मूळच्या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांनी आयबीएम कंपनीच्या सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. तत्पूर्वीच्या पद्धतींत हवी ती नोंद गाठण्यासाठी ती साठ्यात कोठे व कोणत्या क्रमाने ठेवली आहे, याची वाट कार्यक्रम लिहिणाऱ्यास ठाऊक असावी लागे. माहिती ओळी व स्तंभ असलेल्या कोष्टकांत मांडावी, कोष्टकांमधील नाते समान मूल्यांवरून ठरावे आणि काय हवे एवढेच विचारणाऱ्याने सांगावे. ते कसे शोधावयाचे हे यंत्रणेने ठरवावे, हा कॉड यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ‘काय हवे’ हे सांगण्यासाठी डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही भाषा सुचविली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने प्रचारात येऊन १९८६ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी इंग्रेस हा डेटाबेस तयार केला. स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये तेथेच त्याचा उत्तराधिकारी म्हणून पोस्टग्रेस प्रकल्प हाती घेतला. त्यात एसक्यूएलची भर पडल्यावर १९९६ मध्ये त्यास पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव मिळाले.

त्या काळी डेटाबेस वापरणारा कर्मचारी आपल्या कार्यालयातील टर्मिनलसमोर बसून सकाळी जोडणी उघडी आणि सायंकाळी बंद करी. जोडणी म्हणजे एका ओळखीच्या माणसाचे दीर्घ सत्र, ही कल्पना डेटाबेसच्या रचनेत तेव्हा मुरली व आजही ती तेथे आहे. वेबची घडण याच्या अगदी उलट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ मध्ये ज्या व्यवस्थेचा प्रस्ताव मांडला, तिच्यात ब्राउझरकडून येणारी प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असते. उत्तर दिले की सर्व्हरने विचारणाऱ्यास विसरून जावे, अशी योजना आहे. कोणीही, कोठूनही, कितीही जणांनी विचारावे, हे या विसराळूपणामुळेच शक्य झाले. सीजीआय ही १९९३ मधील पद्धती या दोहोंना सरळ सांधणारी होती. प्रत्येक विनंतीसाठी नवा कार्यक्रम सुरू होई, तो डेटाबेसशी नवी जोडणी उघडी, उत्तर देई आणि संपून जाई. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दुकानाची फळी काढावी व गिऱ्हाईक गेले की पुन्हा लावावी, तसाच हा प्रकार होता. गिऱ्हाइके थोडी असेपर्यंत तो चालला.

जँगोचा उगम अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. तेथील एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांना खुले करण्यात आले. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून घेतले आहे. बातमी छापून येण्याची वेळ टळत नसल्याने काही तासांत नवे पान उभे करता येईल, अशी साधने तेथे लागत. थोड्या वेळात पुष्कळ काम उरकावे, हा जँगोच्या रचनेवरील ठसा या जन्मस्थानामुळे उमटला असावा. रूबी भाषेतील रेल्स हे फ्रेमवर्क २००४ मध्ये आले व त्याचीही वृत्ती अशीच होती.

जोडणीची रचना : जोडणी एकसंध नसून तिचे थर असतात. सर्वांत वर फ्रेमवर्कचा तो भाग असतो, जो निरनिराळ्या डेटाबेसांतील भाषाभेद सांभाळतो. त्याखाली ड्रायव्हर असतो. पोस्टग्रेसच्या बाबतीत तो बहुधा सायकॉपजी हा असतो. पायथनमधील सर्व ड्रायव्हरांनी कोणती कार्ये कोणत्या नावांनी पुरवावीत, याविषयीचा संकेत १९९९ मध्ये ठरला असल्यामुळे वरच्या थराला ड्रायव्हरच्या अंतरंगात शिरावे लागत नाही. ड्रायव्हर पृच्छेचे रूपांतर पोस्टग्रेसच्या स्वतःच्या संदेशनियमांनुसार बाइटांच्या मालिकेत करतो आणि ती मालिका सामान्यतः टीसीपीच्या ५४३२ क्रमांकाच्या द्वारावर धाडतो.

फ्रेमवर्कला सांगावयाच्या गोष्टी थोड्या असतात : डेटाबेसचा प्रकार, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, परवलीचा शब्द, यजमान संगणक आणि द्वाराचा क्रमांक. नव्या जँगो प्रकल्पात यांपैकी काहीच भरावे लागत नाही. कारण त्यात रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस गृहीत धरलेला असतो. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर नसतो. सारा साठा एकाच फायलीत राहतो आणि एका वेळी एकालाच त्यात लिहिता येते. अभ्यासासाठी व लहान कामांसाठी तो उत्तम आहे. मात्र त्यावर बेतलेला अनुप्रयोग पोस्टग्रेसवर नेताना केवळ वरील सहा नोंदी बदलल्या म्हणजे झाले, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. बदललेली गोष्ट एवढीच नसते. फायलीच्या जागी आता जाळ्यापलीकडचा, स्वतंत्रपणे चालणारा, प्रसंगी बंद पडणारा आणि एकाच वेळी अनेकांना उत्तरे देणारा सर्व्हर आलेला असतो.

पहिल्या प्रयत्नात जोडणी न झाल्यास कारण बहुधा तीनांपैकी एक असते. सर्व्हर फक्त स्वतःच्याच यंत्रावरील विनंत्या ऐकत असतो. यजमानाच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलेले असून अनुप्रयोग मात्र वेगळ्या यंत्रावर किंवा वेगळ्या कंटेनरमध्ये चालू असतो (प्रत्येक कंटेनरचा ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो स्वतःच). किंवा कोणत्या पत्त्यावरून कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या डेटाबेसमध्ये यावे, हे ठरविणाऱ्या पोस्टग्रेसच्या प्रवेशनियमांच्या फायलीत तशी मुभा नसते. हे तिन्ही दोष तत्काळ कळतात. जे दोष पहिल्या दिवशी कळत नाहीत, ते अधिक त्रासदायक होत.

जोडणीचे आयुष्य व जोडण्यांचा साठा : पोस्टग्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हर एक स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करतो (मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याऐवजी एकाच प्रक्रियेतील एक धागा देतो). टीसीपीची सलामी, सांकेतिक लिपीत बोलण्याविषयीची बोलणी, परवलीच्या शब्दाची पडताळणी, नवी प्रक्रिया व तिची स्मृती एवढे सर्व झाल्यावर पहिला प्रश्न विचारता येतो. प्रश्नाचे उत्तर एका मिलिसेकंदात मिळण्याजोगे असले, तरी तो विचारण्याची तयारी त्याच्या कित्येक पट वेळ घेऊ शकते.

जँगो पहिली पृच्छा येईपर्यंत जोडणी उघडत नाही आणि मूळ मांडणीत विनंती संपताच ती बंद करते. जोडणी ठरावीक सेकंद जिवंत ठेवून पुढील विनंतीस वापरण्याची सोय १.६ या आवृत्तीत (२०१३) आली. तीमुळे वेळ वाचतो. परंतु जुनी जोडणी मधल्या काळात मृत झालेली असण्याचा धोका निर्माण होतो. सर्व्हर पुन्हा सुरू केला गेला, वा वाटेतील एखाद्या उपकरणाने निश्चल जोडणी गुपचूप तोडली, तर अनुप्रयोगास ते पुढची पृच्छा फसल्यावरच कळते. वापरण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे का, हे तपासून पाहण्याचा पर्याय म्हणून ४.१ या आवृत्तीत (२०२२) देण्यात आला.

जोडण्या किती लागतील, याचा हिशोब साधा असूनही तो क्वचितच आधी केला जातो. जँगोमध्ये प्रत्येक धाग्याची जोडणी स्वतःची असते. अनुप्रयोग ४ यंत्रांवर चालतो, प्रत्येक यंत्रावर ८ प्रक्रिया आहेत आणि प्रत्येक प्रक्रियेत ४ धागे आहेत, असे मानल्यास गर्दीच्या वेळी ४ × ८ × ४ = १२८ जोड्ण्यांची मागणी होऊ शकते. पोस्टग्रेसची मूळ कमाल मर्यादा १०० असून त्यांतील ३ प्रशासकासाठी राखीव असतात. म्हणजे एरवी निर्वेध चालणारा अनुप्रयोग नेमका निकालाच्या किंवा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी ९८ व्या जोडणीस नकार मिळून कोलमडतो. अशा वेळी घाईने वेब सर्व्हरांची संख्या वाढविण्यात येते व त्यामुळे स्थिती आणखी बिघडते. कारण नवा प्रत्येक सर्व्हर ३२ जोडण्या मागत येतो. मर्यादेचा आकडा १,००० करणे हाही खरा उपाय नव्हे. डेटाबेसच्या यंत्रात गाभे ८ असतील, तर एका क्षणी प्रत्यक्ष गणन करणाऱ्या प्रक्रिया तेवढ्याच. बाकीच्या स्मृती अडवून आपली पाळी येण्याची वाट पाहतात.

यावरील उपाय म्हणजे थोड्या जोडण्या उघडून ठेवणे आणि ज्यास गरज असेल त्यास त्या तात्पुरत्या देणे. अशा संचास इंग्रजीत पूल म्हणतात (मराठीतील पुलाशी त्याचा संबंध नाही). हा संच अनुप्रयोगाच्या प्रक्रियेत ठेवता येतो. जँगोमध्ये ही सोय ५.१ या आवृत्तीपासून (२०२४) आहे. मात्र प्रत्येक प्रक्रियेचा संच वेगळा असल्याने वरील गुणाकार त्याने टळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे अनुप्रयोग व डेटाबेस यांच्यामध्ये स्वतंत्र मध्यस्थ बसविणे. स्काइप कंपनीत विकसित झालेला पीजीबाउन्सर हा असा मध्यस्थ २००७ पासून उपलब्ध आहे. तो एका बाजूस शेकडो जोडण्या स्वीकारतो व दुसऱ्या बाजूस वीस-पंचवीस जोडण्यांवर काम भागवतो. त्याच्या व्यवहारनिहाय पद्धतीत एक व्यवहार संपताच खरी जोडणी काढून घेऊन दुसऱ्यास दिली जाते. ही पद्धती अत्यंत काटकसरीची असली, तरी जोडणीला काही आठवते या गृहीतावर आधारलेल्या सोयी तीत मोडतात. उदा., सत्रापुरते ठरविलेले कालक्षेत्र, सत्रभर टिकणारे कुलूप, किंवा मोठे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आणण्यासाठी सर्व्हरकडे ठेवलेला निर्देशक (कर्सर). यांपैकी शेवटची सोय बंद ठेवण्यासाठी जँगोमध्ये स्वतंत्र नोंद आहे. ती न केल्यास एखादा अहवाल अधूनमधून, वरवर पाहता अकारण, फसू लागतो.

व्यवहार : एका जोडणीवर एकत्र केलेल्या व एकतर सर्वच्या सर्व पार पडणाऱ्या किंवा पूर्णपणे रद्द होणाऱ्या कृतींच्या गटास व्यवहार म्हणतात. अविभाज्यता, सुसंगती, विलगता व टिकाऊपणा हे त्याचे चार गुण मानले जातात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ॲसिड ही संज्ञा टेओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये रूढ केली. जँगोमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर प्रत्येक पृच्छा हाच एक व्यवहार असतो. एकापाठोपाठ लिहिलेल्या दोन पृच्छा कार्यक्रमात लगतच्या ओळींत दिसतात म्हणून त्या एकत्र सिद्धीस जातील, असे नव्हे. त्यांना एका व्यवहारात मुद्दाम गुंफावे लागते.

परंतु गुंफणे नेहमी पुरेसे ठरत नाही. समजा, ग्रंथालयातील एका पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे आणि दोन वाचक दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ती राखून ठेवू पाहतात. दोन वेगळ्या प्रक्रिया दोन वेगळ्या जोडण्यांवरून शिल्लक विचारतात. दोघींनाही १ हे उत्तर मिळते. दोघी आपापल्या स्मृतीत एकातून एक वजा करतात व शून्य लिहितात. दोन्ही वाचकांना पुस्तक राखल्याचा निरोप जातो, कोष्टकातही गैर काही दिसत नाही आणि चूक उघडकीस येते ती दुसरा वाचक खिडकीशी उभा राहिल्यावर. पुस्तकाच्या जागी आगगाडीतील शायिका, रुग्णालयातील खाट किंवा खात्यातील रक्कम असली, तर या चुकीची किंमत निराळी असते. दोन्ही कृती व्यवहारात गुंफलेल्या असूनही पोस्टग्रेसच्या मूळ विलगता-पातळीवर हे घडू शकते. कारण ती पातळी दुसऱ्याचे अर्धवट काम दिसू नये एवढीच हमी देते.

यास उपाय तीन आहेत. वाचतानाच त्या ओळीस कुलूप लावावे, म्हणजे दुसऱ्या जोडणीस पहिलीचा व्यवहार संपेपर्यंत थांबावे लागते. किंवा वजाबाकी अनुप्रयोगात न करता, ‘शिल्लक शून्याहून अधिक असल्यास तीतून एक वजा कर’ अशी एकच आज्ञा डेटाबेसला द्यावी व किती ओळी बदलल्या ते पाहावे. अथवा विलगतेची पातळी वाढवून, संघर्ष झाल्यास व्यवहार पुन्हा करावा. साध्या प्रसंगी दुसरा उपाय सर्वांत निर्धोक असूनही त्याचा वापर कमी दिसतो. कारण फ्रेमवर्कच्या भाषेत पहिल्यांदा सुचणारी मांडणी ‘आण, बदल, ठेव’ अशीच असते. शिवाय शिल्लक ऋण होऊ नये, असे बंधन कोष्टकावरच घालून ठेवावे. अनुप्रयोगातील तपासणी त्या एका अनुप्रयोगापुरती असते, कोष्टकावरील बंधन मात्र सर्वांना लागू पडते.

कुलूप लावलेला व्यवहार लांबणे हा आणखी एक धोका होय. व्यवहार चालू असताना पैसे स्वीकारणाऱ्या परक्या सेवेस विचारणा करून तिच्या उत्तराची वाट पाहिली, तर तेवढा वेळ जोडणी, कुलूप आणि मागे थांबलेले सर्वजण अडकून पडतात. पोस्टग्रेस जुन्या ओळींच्या प्रती लगेच पुसत नाही. ज्या प्रती एखाद्या उघड्या व्यवहारास दिसू शकतात, त्या साफसफाईतून वगळल्या जातात. म्हणून विसरलेला एक उघडा व्यवहार तासन्‌तास राहिला, तर सबंध डेटाबेस फुगत जातो. असा निष्क्रिय व्यवहार ठरावीक काळाने तोडण्याची सोय पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीत (२०१६) देण्यात आली.

याहूनही अवघड प्रसंग म्हणजे व्यवहार कायम करण्याची आज्ञा पाठविल्यानंतर व पोच मिळण्यापूर्वी जोडणी तुटणे. काम झाले किंवा झाले नाही, हे अशा वेळी अनुप्रयोगास कळण्याचा मार्ग नसतो. पुन्हा प्रयत्न केल्यास रक्कम दोनदा वळती होऊ शकते, न केल्यास एकदाही नाही. कोणतेही फ्रेमवर्क हा पेच परस्पर सोडवू शकत नाही. प्रत्येक मागणीस आरंभीच एक अनन्य क्रमांक देणे आणि तो क्रमांक कोष्टकात एकदाच नोंदला जाईल असे बंधन घालणे, हा रूढ उपाय आहे. मग तीच मागणी पुन्हा आली, तर डेटाबेसच तिला अडवतो.

वस्तू आणि कोष्टके : फ्रेमवर्कमधील वस्तू-संबंध रूपांतरक (संक्षेपाने ओआरएम) कोष्टकातील ओळ ही कार्यक्रमातील वस्तूसारखी भासेल, अशी व्यवस्था करतो. पुस्तक या वस्तूचा लेखक विचारला की तो मिळतो. मागे दुसऱ्या कोष्टकाकडे पृच्छा गेली, हे दिसत नाही. सोयीची हीच बाजू गोत्यात आणते. ५० पुस्तकांच्या यादीत प्रत्येकाचा लेखक छापावयाचा असेल, तर एक पृच्छा यादीसाठी आणि ५० लेखकांसाठी, अशा ५१ पृच्छा जातात. डेटाबेस त्याच यंत्रावर असताना हे लक्षातही येत नाही. तो जाळ्यापलीकडे गेला आणि प्रत्येक फेरीस एक मिलिसेकंद लागू लागला की पान उघडण्याच्या वेळेत ५० मिलिसेकंदांची भर पडते व तेवढा वेळ जोडणीही अडून राहते. दोन्ही कोष्टके जोडून एकाच पृच्छेत, किंवा लेखक एकगठ्ठा आणून दोन पृच्छांत हे काम होते. जँगोमध्ये दोन्ही सोयी आहेत, मात्र त्या मागाव्या लागतात. कॉड यांनी साठ्याची वाट दाखविण्याच्या ओझ्यातून कार्यक्रम लिहिणाऱ्यास मुक्त केले होते. एकेक ओळ धरून नात्यावरून नात्याकडे चालत जाण्याची जुनी सवय ओआरएमच्या आडून परत येते, हे काहीसे चमत्कारिक आहे.

सुरक्षितता : वापरकर्त्याने भरलेला मजकूर पृच्छेच्या वाक्यात सरळ चिकटविल्यास त्या मजकुराच्या आड दडवलेली आज्ञा डेटाबेस पाळतो. एसक्यूएल-अंतःक्षेपण या नावाचा हा हल्ला १९९८ पासून प्रसिद्ध असून अद्याप नामशेष झालेला नाही. पृच्छेचा साचा व मूल्ये ड्रायव्हरकडे निरनिराळी सोपवणे, हा त्यावरील प्रतिबंध होय. ओआरएम हे आपोआप करतो. धोका राहतो तो हाताने लिहिलेल्या पृच्छांत. परवलीचा शब्द कार्यक्रमाच्या मजकुरात न लिहिता बाहेरून पुरवावा, अनुप्रयोगाच्या वापरकर्त्यास डेटाबेसच्या प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत आणि जाळ्यावरून जाणारी जोडणी सांकेतिक असावी, हे संकेत सर्वमान्य आहेत. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून (२०२१) परवलीच्या शब्दाच्या पडताळणीसाठी स्क्रॅम ही पद्धती मूळ मांडणीतच आली.

रचनेतील बदल : अनुप्रयोग वाढला की कोष्टकांची रचनाही बदलते. हे बदल क्रमवार लिहून ठेवण्याची व तसेच प्रत्येक डेटाबेसवर करण्याची पद्धती (मायग्रेशन) जँगोच्या गाभ्यात १.७ या आवृत्तीत (२०१४) आली. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक रचनाबदल व्यवहारात गुंफता येत असल्याने अर्ध्यावर फसलेला बदल पूर्णपणे मागे घेता येतो. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक रचनाबदल त्याच क्षणी कायम होतो. मात्र रचनाबदलास सबंध कोष्टकाचे कुलूप लागते. एखादा लांबलेला अहवाल ते कोष्टक वाचीत असेल, तर बदल त्याच्या मागे थांबतो आणि नंतर आलेल्या साध्या वाचनाच्या पृच्छाही बदलाच्या मागे रांग धरतात. काही मिलिसेकंदांच्या बदलासाठी अनुप्रयोग काही मिनिटे ठप्प होतो तो यामुळे. म्हणून कुलुपासाठी थांबण्याची मुदत दोन-तीन सेकंद ठेवून, ते न मिळाल्यास माघार घेणे व पुन्हा प्रयत्न करणे इष्ट ठरते.

देवनागरी मजकूर : जोडणीच्या दोन्ही टोकांनी अक्षरांचे एकच सांकेतन मानले पाहिजे. जँगो यूटीएफ–८ हे सांकेतन गृहीत धरते. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, आणि वाचकास जे एक अक्षर वाटते ते पुष्कळदा अनेक चिन्हांचे असते. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा. पण काना, मात्रा, हलन्त धरून त्यात ११ चिन्हे व ३३ बाइट आहेत. इंग्रजी शब्दांवरून अंदाज बांधून स्तंभाची मर्यादा १० ठेवली, तर पोस्टग्रेस हा शब्द नाकारतो. ‘दुसऱ्या’ यातील ऱ हे चिन्ह एकसंध किंवा र अधिक नुक्ता अशा दोन रीतींनी साठवता येते. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण तुलनेत भिन्न ठरतात आणि शोधणाऱ्यास असलेली नोंद सापडत नाही. साठवण्यापूर्वी मजकूर एकरूप करून घेणे हा यावरील उपाय असून त्यासाठीचे फलन पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून (२०२०) आहे.

वर्णानुक्रमाचा प्रश्न निराळा आहे. युनिकोडमध्ये ळ हे चिन्ह ल नंतर लगेच येते, मराठी वर्णमालेत मात्र ते ह नंतर येते. केवळ चिन्हांच्या क्रमांकांवरून यादी लावल्यास ‘बाळ’ हा शब्द ‘बाहुली’च्या आधी येतो. भाषेनुरूप क्रमाचे नियम कोष्टकातील स्तंभास जोडता येतात; ते कार्यवाही-प्रणालीच्या ग्रंथालयातून किंवा, पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून (२०१७), आयसीयू या स्वतंत्र ग्रंथालयातून घेतले जातात. मजकुरावरील निर्देशसूची याच नियमांनी रचलेली असते. त्यामुळे कार्यवाही-प्रणाली बदलताना नियमांची आवृत्ती बदलली, तर जुन्या क्रमाने रचलेली सूची नव्या नियमांना चुकीची ठरते व कोष्टकात असलेली नोंद पृच्छेस मिळेनाशी होते. लिनक्सवरील ग्लिबसी या ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीने (२०१८) असा बदल झाला आणि ती बसविणाऱ्यांना मजकुरावरील निर्देशसूची नव्याने रचाव्या लागल्या.